नवऱ्याच्या इकाम्यावर

सौदीला नवऱ्याकडे जायचं ठरलं की बायकोची पहिली गाठ पडते ती लग्नाच्या दाखल्याशी. हॉल कुठला होता, पंगतीला काय होतं हे सगळं मागे पडतं आणि नगरपालिकेतून मिळालेला तो कागद तेवढा उरतो. तो आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी सौदी वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यायचा, ही वर्षानुवर्षांची रीत. २०२२च्या अखेरीस सौदी अरेबिया अपॉस्टिलच्या, म्हणजे एकमेकांचे साक्षांकित कागद मान्य करण्याच्या, करारात आला आणि हा फेरा जरा आखूड झाला. आमच्या वेळी एजंट दाखला घेऊन गेला की तो परत येईपर्यंत जीव टांगणीला असायचा. आला तेव्हा पाठची बाजू शिक्क्यांनी भरून गेली होती. आमचं लग्न झालंय हे इतक्या खात्यांनी कबूल केलेलं पाहून सासूबाईंनीही तो कागद चष्मा लावून एकदा नीट वाचला.

रियाधला उतरल्यावर दुसरा कागद हातात येतो, इकामा. राहण्याचा परवाना. नवऱ्याचा इकामा कफीलाशी, म्हणजे त्याला नोकरीवर आणणाऱ्या मालकाशी बांधलेला, आणि बायकोचा नवऱ्याशी. तिची नोंद ‘मुराफिक’ अशी, नवऱ्यासोबत आलेली. नोकरी करायची मुभा नाही. शाळांमध्ये शिक्षिका म्हणून काहींना वेगळ्या परवान्यावर काम मिळतं, पण एम.टेक. झालेल्या, मुंबईत बँकेत अधिकारी असलेल्या कितीतरी जणी इथे येऊन गृहिणी झाल्या आहेत. देशाबाहेर पडायचं तर ‘एक्झिट री-एंट्री’ लागते आणि ती नवऱ्यानेच काढायची. पूर्वी त्यासाठी ‘जवाजात’च्या, म्हणजे पासपोर्ट खात्याच्या, कचेरीत रांग असे. आता ‘अबशर’ या सरकारी ॲपवर नवरा घरबसल्या पैसे भरतो आणि काम होतं. एकदा जाऊन दोन महिन्यांत परत यायचे २०० रियाल. माहेरी कुणाला अचानक दवाखान्यात ठेवलं, तर तिकीट बघण्याआधी नवरा मीटिंगमधून कधी बाहेर येतोय हे बघावं लागतं. भारतात मला लोक विचारतात ते बुरख्याबद्दल. इथल्या बायकांना बुरखा फारसा जाचत नाही. जाचतो तो हा कागद.

आमचं पहिलं बिऱ्हाड मलाझमध्ये होतं. रियाधमधल्या भारतीयांची ही जुनी वस्ती. भाडं सहा-सहा महिन्यांचं आगाऊ. इमारतीला ‘हारिस’ म्हणजे राखणदार, बहुतेकदा बांगलादेशी किंवा सुदानी. खिडक्या लहान, काचा काळ्या किंवा त्यांवर चंदेरी कागद चिकटवलेला. शेजारच्या सौदी घराची भिंत इतकी उंच, की आत झाड आहे हे त्याच्या शेंड्यावरून कळायचं. जून ते ऑगस्ट पारा दुपारी बऱ्याचदा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे दुपारी रस्त्यावर माणूस नाही. मुंबई-पुण्याच्या बाईला पहिले काही महिने हाच एकांत खायला उठतो. खाली भाजीवाला ओरडत नाही, शेजारीण वाटीभर साखर मागायला येत नाही. आवाज असतो तो एसीचा आणि दिवसातून पाच वेळा अजानचा.

कोपऱ्यावर मात्र ‘बकाला’ असतो, किराणा मालाचं दुकान. चालवणारा मल्याळी, क्वचित यमनी. फोन केला की दूध, लबान, अंडी, कोथिंबीर दाराशी येतं. शेजारी अफगाणी भट्टी, तिथली तमीस रोटी सुपाएवढी, गरमगरम, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देतात. बकाल्यापर्यंत जायचं तरी तेव्हा अबाया, म्हणजे पायघोळ झगा, घालावा लागे. पण ही सक्ती घरकामातल्या बाईला सोयीचीच पडली. घरातल्या गाऊनवर अबाया चढवला की झालं! इस्त्री नाही, साडी नाही, मॅचिंग नाही. अबाया इंचांवर मिळतो, चोपन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न. अंदाज चुकला आणि लांबीला दोन इंच जास्त घेतला, तर सरकत्या जिन्यावर घोळ अडकतो. तेव्हा नव्याने आलेल्या बाईला जुन्या बायकांचा पहिला सल्ला ठरलेला: टाचेच्या वरच घे.

मी आले तेव्हा बायका गाडी चालवत नव्हत्या. नवरा कामावर गेला की तो येईपर्यंत घर, नाहीतर टॅक्सी, नाहीतर कंपनीची बस. काही कंपन्या आठवड्यातून ठरलेल्या संध्याकाळी बायकांना मॉलला सोडून परत आणत. या फेऱ्यांचं सगळं गणित नमाजावर बसवलेलं असायचं. संध्याकाळची मगरिब आणि रात्रीची इशा यांच्यामध्ये जेमतेम दीड तास, तेवढ्यात काय ते उरका. अजान झाली की दुकानांची शटर्स खाली. सुपरमार्केटमध्ये कधी कधी माणसं आतच राहत, काउंटर बंद, दिवे अर्धे मालवलेले, आणि ट्रॉलीत आइस्क्रीम वितळत असायचं. २०२१च्या जुलैत व्यापारी महासंघाने नमाजाच्या वेळीही दुकानं उघडी ठेवायला सांगणारं परिपत्रक काढलं आणि कित्येक दशकांची ती घडी मोडली. घरातल्या जुन्या सवयी मात्र मोडल्या नाहीत. मी अजूनही बाहेर पडताना इशा किती वाजता ते बघते.

सौदीतल्या समाजाची खरी विभागणी बाई आणि पुरुष अशी असल्याचं बाहेरून दिसतं. आत आल्यावर आणखी एक रेघ कळते: कुटुंब आणि एकटा पुरुष. हॉटेलांना दोन दारं असायची, एकावर ‘फॅमिलीज’, दुसऱ्यावर ‘सिंगल्स’. फॅमिली भागात लाकडी पार्टिशनं, त्यांना पडदे. वेटर ताट घेऊन यायचा, पार्टिशनवर बोटाने टकटक करायचा, थांबायचा, आतून होकार आला की पडदा सारून पाठ अर्धी वळवूनच ताटं ठेवायचा. आत आम्ही दोघं आणि कबसा, म्हणजे मांस घातलेला मसालेभात. अबाया काढून ठेवला तरी कुणी बघणारं नाही. सिंगल्सच्या बाजूला मात्र फॉर्मायकाची टेबलं, आणि कामगार घाईघाईने जेवत असायचे. सुट्टीच्या दिवशी मॉलच्या दारात रखवालदार एकट्यादुकट्या तरुणांना अडवायचा. बायको बरोबर असली की तोच रखवालदार नवऱ्याला वाट करून द्यायचा. आमच्या ओळखीतला एक तंत्रज्ञ म्हणायचा, ‘वहिनी, तुमच्या मागून आत येऊ का?’ हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. शुक्रवारी बत्थाच्या बाजारात सुट्टी घालवायला जमलेले हजारो भारतीय, बांगलादेशी, नेपाळी पुरुष पाहिले, की या देशात परदेशी बायकोचं स्थान काय ते नीट कळतं. कागदावर ती कुणीच नाही. पण तिच्याशिवाय तिचा नवराही फाटकाबाहेरचाच. २०१९च्या डिसेंबरात दोन दारांची सक्ती सरकारने उठवली. तरी रियाधच्या मेट्रोत, जी २०२४च्या डिसेंबरात सुरू झाली, डब्यांत फॅमिली आणि सिंगल्स असे भाग आहेतच.

धर्मरक्षक पोलीस, ज्यांना लोक ‘मुतव्वा’ म्हणत, त्यांची भीती जुन्या बायकांच्या बोलण्यात अजून असते. आखूड ठोब म्हणजे झगा, लांब दाढी, हातात काठी, आणि बाजारात एखादीचे केस दिसले की दटावणी. बिगरमुस्लीम बाईने केस झाकलेच पाहिजेत की नाही, यावर वाद घालायची ती जागा नसायची. गळ्यातली ओढणी डोक्यावर घेऊन पुढे सरकायचं. २०१६च्या एप्रिलमध्ये त्यांचा अटक करण्याचा आणि पाठलागाचा अधिकार काढून घेतला गेला. पुढे ते रस्त्यावर दिसेनासेच झाले. २०१९मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला, तेव्हा परदेशी बायकांना अबाया सक्तीचा नाही, अंगभर कपडे पुरेत, असं जाहीर झालं. आता रियाधच्या रस्त्यांवर राखाडी, फिके निळे, बदामी अबाये दिसतात, समोरून उघडे, खाली जीन्स.

सौदी घरात जायचा योग परदेशी बाईला सहसा येत नाही. मला आला तो मुलाच्या शाळेमुळे. बायकांची बैठक वेगळी, तिचं दार वेगळं. आत पाऊल टाकलं की सगळ्यांचे अबाये उतरतात, आणि बाहेर एका रंगात दिसणाऱ्या बायका आत लाल लिपस्टिक, सोन्याच्या जाड बांगड्या आणि झगमगीत जलाबिया घालून बसलेल्या. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, येतो. वाढणारी डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, धरते आणि उजव्या हाताने दांडा नसलेला छोटा फिंजान पुढे करते. त्यात कॉफी घोटभरच. पिऊन झालं की ती लगेच पुन्हा ओतते. नको असेल तर फिंजान मनगटातून दोनदा हलवायचा. हे ठाऊक नसलेली भारतीय बाई ‘बस बस’ म्हणत राहते आणि वाढणारी ओतत राहते. सोबत खजूर, बहुतेकदा सुक्करी, इतका मऊ की बोटाला चिकटतो. शेवटी बखूर फिरवतात. निखाऱ्यावर उदाचा तुकडा, धूर केसांत घ्यायचा, ओढणीत घ्यायचा. उद फिरला की पाहुण्यांनी उठायचं, असा संकेत.

गप्पा सुरू होतात त्या हिंदी सिनेमापासून. अरबीत डब केलेल्या हिंदी मालिका इथल्या घराघरांत पाहिल्या जातात आणि ‘जोधा अकबर’मधल्या दागिन्यांबद्दल माझ्याइतकी अनभिज्ञ भारतीय त्यांनी पाहिली नव्हती. मग प्रश्न येतात. मुलं किती? एकच? माशाल्ला, पण एकच का? मुलाचं नाव काय? ते सांगितलं की पुढे आपण त्याच्याच नावाने ओळखले जातो, ‘उम्म अमुक’. मग एका तरुण मुलीने विचारलं, ‘तुमच्याकडे मुलीचा बाप मुलाला पैसे देतो, हे खरं का?’ इथे मेहेर नवऱ्याने द्यायचा आणि तो बायकोचा स्वतःचा असतो. हुंडा कायद्याने बंद आहे, असं मी म्हणाले. ‘मग देत नाहीत?’ ती म्हणाली. यावर काय बोलणार!

नावाचाही असाच पेच. लग्नानंतर सौदी बाई नाव बदलत नाही. बापाचं नाव, आजोबांचं नाव, घराण्याचं नाव जन्मभर तेच. आपल्याकडे मराठी बाईच्या पासपोर्टवर तिच्या नावानंतर नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव. अरबी रीतीने मधलं नाव बापाचं. त्यामुळे खिडकीपलीकडचा कारकून माझा कागद वाचायचा, मग नवऱ्याचा, मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघायचा. इथल्या बायकांवर बंधनं फार, अशी सहानुभूती घेऊन गेलेल्या मला, नाव पुसण्याची पद्धत आपलीच, हे त्या बैठकीत बरंच ऐकून घ्यावं लागलं.

सगळं गोड नाही. दवाखान्यात बायकांच्या प्रतीक्षागृहात बसलं की शेजारची बाई विचारते, ‘नर्स?’ नाही म्हटलं की दुसरा अंदाज येतो, ‘खद्दामा?’ म्हणजे मोलकरीण. सावळी भारतीय बाई या दोन्हींपैकी काही नसून नुसती कुणाची बायको असेल, हे पटायला वेळ लागतो. पासपोर्टप्रमाणे माणसाची पत ठरते. गोरी बाई पुढे, मग अरब, मग आपण, आणि आपल्याही खाली घरकामाला आलेल्या इथिओपियाच्या, केनियाच्या, इंडोनेशियाच्या मुली. त्यांच्याशी भारतीय मालकिणीसुद्धा सौदी मालकिणींसारख्याच वागताना मी पाहिल्या आहेत. धर्माची चौकशीही हटकून होते, आणि पिशवीत एखादी पुस्तिका सारली जाते. रागाने नाही, आपलं भलं व्हावं म्हणून. नम्रपणे घ्यावी आणि पुढे जावं.

मराठी स्वयंपाकघराला इथे दोन गोष्टींची मनाई आहे, खसखस आणि जायफळ. दोन्हींची गणना नशेच्या पदार्थांत. सामान तपासताना अनारशाच्या पिठाबरोबर खसखशीची पुडी निघाली, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून आईने कितीही आग्रह केला तरी ती भारतातच ठेवून या. पुरणपोळी वेलदोड्यावर भागवतात, श्रीखंडही. बाकी लुलू सुपरमार्केटमध्ये किंवा बत्थाच्या मल्याळी दुकानांत कढीपत्त्यापासून फणसापर्यंत सगळं मिळतं. मोदकाला केरळचं गोठवलेलं खवलेलं खोबरं. गणपती घरातच बसतो, कारण बिगरमुस्लीम प्रार्थनास्थळ या देशात एकही नाही आणि उघड पूजेला परवानगी नाही. घरात काय करता ते कुणी बघायला येत नाही, पण खिडक्या लावून, टाळ न वाजवता आरती होते. दहा कुटुंबं एका हॉलमध्ये, ‘सुखकर्ता’ दबक्या आवाजात, आणि विसर्जन बादलीत.

खोबर-दम्मामकडच्या बायकांना एक सुटका होती. बहरीनचा पूल. १९८६ साली झालेल्या २५ किलोमीटरच्या त्या पुलाने मनामाला गेलं, की श्रीनाथजींचं जुनं मंदिर, साड्यांची दुकानं आणि थिएटरमध्ये हिंदी सिनेमा. सौदीत सिनेमागृहं २०१८च्या एप्रिलपर्यंत नव्हतीच. पण पूल ओलांडायलाही एक्झिट री-एंट्री लागते. देव भेटायचा तो ‘अबशर’वरूनच.

२४ जून २०१८ला बायकांच्या हाती स्टीअरिंग आलं, त्या रात्री रियाधच्या तहलिया रस्त्यावर हॉर्न वाजत होते. परदेशी बायकांनाही लायसन्स मिळतं. मात्र बायकांच्या ड्रायव्हिंग स्कूलची फी पुरुषांच्या कितीतरी पट. म्हणून अनेक भारतीय घरांत अजून नवराच ड्रायव्हर आहे आणि बाकी वेळ उबर, करीम. २०१९च्या ऑगस्टमध्ये २१ वर्षांवरच्या सौदी बाईला पुरुषाच्या संमतीविना पासपोर्ट आणि प्रवासाचा हक्क मिळाला, घरच्या प्रमुख म्हणून नोंद होण्याचाही. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. नवऱ्याच्या इकाम्यावर असलेल्या परदेशी बाईला त्यातलं काही लागू झालं नाही. सौदी शेजारीण आता आपल्या मर्जीने लंडनला जाते, आणि मी ठाण्याला जायला नवऱ्याच्या फोनवर अवलंबून. संसार सुखाचा असला तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बिनसला, तर बाईचा परतीचा रस्ता नेमका ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याच हातात असतो. अशा वेळी भारतीय वकिलातीकडे जावं लागतं, आणि तिथपर्यंत पोचायलाही कुणीतरी लागतं.

आणखी एक घाव पैशांचा बसला. १ जुलै २०१७पासून प्रत्येक आश्रितामागे महिन्याला १०० रियाल कर सुरू झाला. दर वर्षी शंभराने वाढत तो २०२०पर्यंत ४०० झाला. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल, आपले तीन लाखांहून जास्त, तेही इकामा नव्याने करताना आगाऊ. २०२०च्याच जुलैत व्हॅटही ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला. त्या तीन वर्षांत मलाझमध्ये जिकडेतिकडे फ्रीज, पलंग, वॉशिंग मशीन विकायला काढलेले दिसायचे. बायका-मुलं ‘फायनल एक्झिट’वर, म्हणजे कायमची, गावी परतली आणि पंधरा-वीस वर्षं कुटुंबात राहिलेले पुरुष पुन्हा तिघं-चौघं मिळून खोली घेऊन राहू लागले. सिंगल्सच्या दारातून जेवायला जाऊ लागले. कोकणातल्या मुसलमान घरांना हे नवीन नाही. महाड, खेड, चिपळूणकडच्या बायकांनी दोन-दोन पिढ्या आखातातला नवरा वर्षाआड सुट्टीतच पाहिला आहे.

म्हणून ज्यांच्या घरी सौदीतल्या मुलाचं स्थळ आलंय त्यांना एवढंच सांगते. पगार नंतर विचारा. आधी विचारा की त्याच्या इकाम्यावर हुद्दा काय लिहिलाय, कारण फॅमिली व्हिसा त्यावर मिळतो. इंजिनिअर, अकाउंटंट असेल तर ठीक. प्रत्यक्षात सुपरवायझर असूनही इकाम्यावर ‘आमिल’, म्हणजे मजूर, असेल तर अवघड. ऑफर लेटरमध्ये ‘फॅमिली स्टेटस’ आहे की ‘बॅचलर स्टेटस’, आश्रितांचा कर कंपनी भरते की तो स्वतः, हेही वाचून घ्या. मुलीच्या पदवीची प्रमाणपत्रं निघण्यापूर्वीच साक्षांकित करून तिच्या बॅगेत ठेवा. इथे नोकरीची परवानगी कधी निघाली, तर तीच मागतात.